धामणीचा कमठा

कारंज्याच्या उत्तरेला, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात तानबा सुतार राहायचा. नांगर, वखर, बैलगाडी सगळेच सुतार करतात. तानबाचं नाव होतं ते कमठ्यासाठी. रानडुकरांपासून ज्वारी राखणारे लोक पार आर्वीकडून त्याच्याकडे धनुष्य करून घ्यायला यायचे.

धामणीचं लाकूड भारी चिवट. करवतीनं कापलं की त्याची नस तुटते आणि कमठा ओढताच मोडतो. म्हणून ते नसेनंच फाडावं लागतं. ओंडक्याच्या तोंडाशी बाभळीची पाचर मोगरीनं, लाकडी हातोड्यानं, ठोकायची, चीर पुढं सरकली की दुसरी लावायची, आणि कान देऊन थांबायचं. लाकूड करकरतं, गप्प होतं, पुन्हा करकरतं. घाई झाली की चीर बाजूला पळते आणि वर्षभर सावलीत वाळवलेला ओंडका चुलीत जातो.

या कामात जोडीला शेजारचा बबनराव असायचा, लहानपणापासूनचा दोस्त. ओंडका पायानं दाबून धरायचा आणि मोगरी पडण्याआधी दर वेळी म्हणायचा, "हळू, तानबा."

त्रेपन्न साली कार्तिकात दोघांनी मिळून फाडलेल्या लाकडाचा कमठा बबनरावाच्या धाकट्या भावानं, चंद्रभाननं, राखणीसाठी नेला. आठ दिवसांनी पहाटेच्या धुक्यात ज्वारी हलली. चंद्रभाननं बाण सोडला. भावाला घरी पाठवून आपण बसावं म्हणून बबनराव येत होता, तोही धुऱ्याच्या बांधावरून न येता ज्वारीतून. बाण त्याला लागला आणि तो जागीच गेला.

कोर्टानं अपघात मानला. चंद्रभान सुटला, पण गावात राहिला नाही. तानबाला कोणी एका शब्दानं बोललं नाही. पोळ्याला लोक पूर्वीसारखेच बैलांची जुवं दुरुस्त करून घ्यायला आले. पुढच्या हिवाळ्यात त्यानं धामणीचा ओंडका घेतला, पाचर लावली, मोगरी उचलली, आणि अगदी कानाशी आवाज आला, "हळू, तानबा."

मोगरी हातातून सुटली.

"काऊन थांबले जी?" भागीरथानं, त्याच्या बायकोनं, चुलीपासून विचारलं.

"आता कोनी बोललं का?"

"कोनीच नाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाभूळ, साग, कशावरही आवाज यायचा नाही, फक्त धामणीवर. उरलेले ओंडके त्यानं गोठ्यामागं कडब्याखाली झाकून टाकले.

दोन वर्षं गेली. एका दुपारी बबनरावाची बायको जयवंता दारात येऊन उभी राहिली. "भाऊजी, मले कमठा पाह्यजे."

तानबानं पुन्हा रंधा मारायला घेतला.

"अर्धी ज्वारी डुकरं खाऊन राह्यले. त्या वावरात राखनदार टिकत नाई. मीच बसीन."

"वयनी, दुसरं काईबी सांगा. धामन फाडाले गेलो का तो बोलते." हे त्यानं भागीरथालाही सांगितलं नव्हतं.

जयवंता उंबऱ्यावर बसली. "काय बोलते?"

"हळू म्हनते."

तिनं पदर तोंडावर ओढला. डोळे पुसून ती उठली. "मंग हळूच फाडा न. मी धरीन ओंडका."

तानबानं कडब्याखालून ओंडका काढला. तिनं त्यावर पाय रोवला. तानबानं मोगरी उचलली. आवाज आला. त्यानं जयवंताकडं पाहिलं. तिची नजर लाकडावर होती, तिला काही ऐकू आलं नसावं. "हो," तानबा मोठ्यानं म्हणाला, आणि अलगद घाव घातला. दर घावाआधी आवाज, दर आवाजाला "हो". चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतासारखी सरळ गेली. तानबाचा सदरा घामानं भिजला होता, आणि भागीरथा दाराआड उभी राहून रडत होती.

तो त्याचा शेवटचा कमठा.

जयवंतानं पुढं कितीतरी हंगाम वावर राखलं. तिनं एकही डुक्कर मारलं नाही. दोरी ओढण्याआधी ती ज्वारीकडं तोंड करून तीनदा ओरडायची, "कोन हाय? बोल! कोन हाय?" तेवढ्यात डुकरं पळून जायची. ती मात्र उत्तराची वाट बघत कमठा धरून उभी राहायची. सांजेला ती हाक तानबाच्या अंगणापर्यंत यायची, आणि हातातलं काम तसंच ठेवून तो आत निघून जायचा.