दाराबाहेरचे बूट

विलायतेत वैद्यक शिकायला गेले तेव्हा मला कोणी जागा देईना. अखेर एका वृद्ध बाईंनी खोली दिली, तीही ‘महिनाभर पाहू’ म्हणून. त्यांचे बोलणे तुटक, हातांना कोळशाचा आणि साबणाचा वास. माझ्या गावच्या, दहिवलीच्या सवयीने मी बूट खोलीबाहेर काढी. धुक्याने भिजलेले ते बूट सकाळी कोमट आणि चकचकीत असत. मला तो त्या देशाचा चमत्कार वाटे.

एका पहाटे बाई माझे बूट मांडीवर घेऊन पुसताना दिसल्या.

“बाहेर ठेवलेले बूट पुसायचे असतात, हा आमचा रिवाज. मला वाटलं, राणीच उतरलीय माझ्याकडे!”

जागा गेली, शिक्षणही गेले, या भयाने मी जोडे दाराबाहेरच काढायची आमची रीत सांगितली.

“मग ठेवत जा बाहेरच,” त्या म्हणाल्या. “ओल्या बुटांत पाय गारठतील. खोली तुझीच.”

घरी परतल्यावर हे ऐकून शेजारच्या काकूंनी विचारले, “मंग पाया पडलीस का नाय गं तिच्या?”

“पडले. त्यांना वाटलं, माझं काही हरवलं. दिवा घेऊन त्याही माझ्याशेजारी वाकल्या आणि शोधू लागल्या.”