रुळांपाशी थबकलेल्या सखूबाई

आमची नॅरोगेज गाडी बंद पडून बरीच वर्षे झाली. निवृत्तीनंतर मी संकोचतच तिचे रूळ दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांत सामील झालो. शेळ्या घेऊन रूळ ओलांडणाऱ्या सखूबाई रोज हसत म्हणत, "मास्तर, गाडी आली की माझ्या शेळ्यांची बी तिकिटं काढा!" आपले श्रम व्यर्थ जातील, ही भीती मग दिवसभर छळे.

काल फाटकाजवळचे, रुळांखालचे शेवटचे कुजलेले लाकडी स्लीपर बदलले. सायंकाळी सखूबाई रुळांपाशी आल्या आणि थबकल्या. काठी आडवी धरून त्यांनी शेळ्या रोखल्या, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि मगच त्या पलीकडे गेल्या. विश्वास ओठांवर येण्याआधी बहुधा पावलांत येत असावा.

त्या गेल्यावर, आसपास कोणी नाही असे पाहून, मीही रुळांच्या वळणाकडे नजर टाकली.