सैल नाडीची लाथ

कुंगफूच्या मास्तरांचा पट्टशिष्य सगळी पोरं फोडून घेऊन गेला आणि समोरच टायरच्या दुकानावरच्या खोलीत स्वतःचा क्लास थाटून बसला. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतोय लेकाचा! आज त्याची हाडंच खिळखिळी करतो!"

"आधी विजारीची नाडी घट्ट बांधा," बायको आतून ओरडली. लग्न झाल्यापासून ती हेच ओरडत आली होती.

ऐकतील तर ते मास्तर कसले! तरातरा जिना चढून ते दारात पोचले आणि थबकलेच. आत पोरं लाथेचा सराव करत होती, आणि लाथ मारण्याआधी प्रत्येक जण डाव्या हाताने विजार वर ओढत होता. विजारी नव्याकोऱ्या, घट्ट इलॅस्टिकच्या!

"अरे गाढवा," मास्तर शिष्यावर कडाडले, "हा काय डाव आहे? माझी नाडी सैल असते म्हणून मी ओढतो!"

शिष्याने मान खाली घातली. "ठाऊक आहे, मास्तर. पण तसं केल्याशिवाय लाथ तुमच्यासारखी बसतच नाही."

मास्तरांचा उगारलेला हात विजार सावरायला खाली आला.

"मग नीट तरी ओढ," ते गुरगुरले. "कोपर अंगाला चिकटव."