थांबाबाईची पिवळी रेघ

आमच्या वहिनीला कामावर सगळे थांबाबाई म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नाही. पण सकाळी ती फाटकातून आत आली की कुणीतरी पुटपुटतंच, "आली थांबाबाई, आता निघाल्या गाड्या." हे नाव ज्याने ठेवलं त्याच्याशी मी एकदा कडाकडा भांडलो होतो. नंतर कळलं की वहिनीला ते नाव आवडतं. म्हणजे भांडण फुकट गेलं. माझी बरीच भांडणं अशीच फुकट गेलेली आहेत, त्यामुळे त्याचं फार वाईट वाटून घेतलं नाही.

टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची मोठी शेड, तिच्यात ओळीने उभ्या बारा गाड्या आणि शेजारी हेल्मेटची फडताळं, एवढा आमचा कारभार. गाड्या म्हणजे क्वाड. चार जाडजूड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, वर टप नाही की बाजूला दार नाही. डांबरी रस्त्यावर त्यांचं काही काम नसतं. माळ, खडी, वाळू, चढ, यांवर मजेसाठी फिरवायच्या. लोक येतात, तासभर धूळ खातात आणि खूश होऊन जातात. मी त्यांना हेल्मेट घालतो, नियम सांगतो आणि पुढची गाडी घेऊन वाट दाखवतो. गाड्यांची देखभाल वहिनीकडे. कुठली गाडी बाहेर जाईल आणि कुठली नाही, हेही तीच ठरवायची. चाव्यांचा जुडगा कायम तिच्या कमरेला.

हे काम आधी माझ्या थोरल्या भावाचं होतं. वहिनी दुपारी त्याचा डबा घेऊन यायची आणि तो गाडीखाली शिरला की बॅटरी धरून उभी राहायची. बॅटरी धरता धरता ती सगळं शिकली, हे आम्हाला कुणाला कळलंसुद्धा नाही. एके दिवशी दादाला पुढच्या चाकाचा एक नट सैल लागला. गिऱ्हाईक उभं होतं. दादा म्हणाला, "एक फेरी मारून येतो, आल्यावर आवळू." उतारावर चाक निघालं आणि गाडी त्याच्या पायावर उलटली. तेव्हापासून तो काठी घेऊन चालतो आणि घरी बसून शिलाई मशीन दुरुस्त करतो. चिडत नाही, रडत नाही. फक्त "आल्यावर करू" असं कुणी म्हटलं की उठून दुसऱ्या खोलीत जातो.

त्याच्या जागी वहिनी आली त्याला नऊ वर्षं झाली. आल्या आल्या तिने पिवळ्या रंगाची बाटली आणि बारीक ब्रश आणला. मापाच्या पान्याने नट आवळायचा, हवा तेवढा घट्ट झाला की पाना 'कट्' वाजतो, तिथे थांबायचं आणि नटापासून चाकाच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. मग सकाळी नुसता गाड्यांभोवती फेरा मारला तरी कळतं, कोण कुठे ढिलं पडलंय. एवढी साधी युक्ती. बाकी हवा, साखळी, ब्रेक, धुळीने चोंदलेला फिल्टर, हे तर होतंच. एका सीटवर दोन माणसं दिसली तर ती गाडीपुढे आडवी उभी राहायची. मनगटाला दोरी न बांधता कुणी बसला तर चावी काढून घ्यायची. चालवणारा पडला की त्या दोरीने इंजिन बंद होतं, आणि पडलेल्याच्या अंगावर गाडी चालून येत नाही. नऊ वर्षांत आमच्याकडे खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही.

मालकांना हे पटायचं, पण गर्दी नसताना. गर्दी असली की घड्याळ बघत शेडच्या दारात उभे राहायचे. गेल्या हंगामात तीन वेळा लोक वाट बघून परत गेले, तेव्हा ते वहिनीला सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, सोमवारी एका ऑफिसची मोठी मंडळी येणार आहेत. त्या दिवशी जर तुमचं 'थांबा' ऐकू आलं, तर चाव्या दुसऱ्याकडे जातील. मग तुम्ही मागे बसून फिल्टर धुवा."

वहिनी म्हणाली, "बरं."

मला मात्र रात्री जेवण गेलं नाही. त्या चाव्या म्हणजे काय, हे मालकांना काय कळणार? दादा पडल्यानंतर आमच्या घरात फक्त एकच माणूस ताठ मानेने बाहेर पडत होता, आणि तो त्या जुडग्याच्या जोरावर. तो तिच्या कमरेवरून उतरला असता तर तिने तक्रार केली नसती, पण आतून खचली असती. मी ठरवलं, सोमवारी थांबा म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही.

रविवारी वहिनीची सुट्टी. दुपारी मी बाराच्या बारा गाड्या धुतल्या. चिखल खरवडला, सीटा पुसल्या. चाकांवरच्या रेघा धुळीने मळल्या होत्या, काही अर्धवट पुसल्या होत्या, ते काही बरं दिसेना. मी रॉकेलचा बोळा घेतला आणि सगळ्या जुन्या रेघा पुसून टाकल्या. मग तिचीच बाटली काढली आणि पट्टी लावून नव्या, झकास रेघा ओढल्या. पाना हातात धरलासुद्धा नाही. रेघ म्हणजे तपासलेलं, एवढंच माझ्या डोक्यात. नऊ वर्षं मी ती रेघ रोज बघत होतो आणि ती कशासाठी आहे हे मला ऐन वेळी आठवू नये? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

सोमवारी सकाळी वहिनी आली. मंडळी अर्ध्या तासात यायची होती. ती पहिल्या गाडीपाशी वाकली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"भावजी, या रेघा कुणी ओढल्या?"

"मी. बघ की, कशा चकाचक दिसतायत."

"नट आवळून ओढल्या?"

मी भिंतीवरच्या पान्याकडे बघितलं. तेव्हा मला समजलं. कुठली रेघ तुटलेली होती, ते मी रॉकेलने पुसून टाकलं होतं. आता प्रत्येक रेघ नट घट्ट असल्याचा दाखला देत होती, आणि तो दाखला खोटा होता.

"एका गाडीला चार चाकं, एका चाकाला चार नट," वहिनी म्हणाली. "एकशे ब्याण्णव."

"वहिनी, आज नको. आज मालक काय म्हणाले होते, आठवतंय ना? एक दिवस सोड. संध्याकाळी, लोक फिरून आल्यावर करू..."

बोलून गेलो आणि जीभ चावली. तिने भिंतीवरचा पाना काढला आणि पहिल्या चाकापाशी गुडघे टेकले.

मंडळी आली. टोप्या, गॉगल, हसणं-खिदळणं. शेडमध्ये कट्, कट् चालू. मालक दारात आले. "किती वेळ?" त्यांनी विचारलं. "सव्वा तास लागेल, थांबा," वहिनी मान वर न करता म्हणाली. मालकांचा चेहरा लाल झाला. मंडळींतले निम्मे लोक वाट बघून कंटाळले आणि निघून गेले. मी पान्यामागे ब्रश घेऊन सरपटत होतो. घट्ट आहे म्हणून तिने मान हलवली की रेघ पुसून नवी ओढायची. माझ्या मनात एकच चाललं होतं, देवा, एक तरी नट सैल निघू दे. म्हणजे तिचं खरं ठरेल.

एकशे ब्याण्णव नट. एकही सैल निघाला नाही.

मालक म्हणाले, "झालं समाधान?" मी पुढे झालो. मी तापट आहे, पण भित्राही आहे, त्यामुळे आवाज चिरका निघाला. "साहेब, चूक माझी आहे. रेघा मी पुसल्या. त्यांना पुन्हा बघावंच लागलं."

"म्हणजे नट घट्ट होते, रेघाही होत्या, आणि तरी माझी माणसं परत गेली," मालक म्हणाले. "बाई, चाव्या द्या. उद्यापासून गाड्या हा सोडेल."

हा म्हणजे मी. शिक्षा करायची तर निदान नीट माणसाला तरी करावी. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर वहिनीने डोळ्यांनीच गप्प केलं. घरात दोघांचे पगार येत होते, दोन्ही घालवून चालणार नव्हतं. तिने जुडगा काढून माझ्या हातात दिला. "सातची चावी अडकते," ती म्हणाली. "जरा वर उचलून फिरवा." आणि मागच्या शेडमध्ये गेली.

त्या आठवड्यात ती फिल्टर धूत होती. साबणाच्या पाण्यात फिल्टरचा स्पंज दाबायचा, पिळायचा, वाळत घालायचा, तेल लावायचं. घरी दादाने विचारलं, "हात का सुरकुतलेत?" ती म्हणाली, "आज धुणं जास्त होतं." मी ताटावरून उठून गेलो. मला भयंकर राग आला होता, आणि तो माझा मलाच आला होता.

इकडे मालक खूश. माझ्या हातून गाड्या वेळेवर निघत होत्या. मला मात्र प्रत्येक गाडी परत येईपर्यंत पाणी गोड लागत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता चार नंबरच्या पुढच्या डाव्या चाकावर रेघ तुटलेली दिसली. नखाएवढी. मी पाना लावला, नट पाव फेरा फिरला तेव्हा कुठे कट् वाजलं. नवी रेघ ओढली. वहिनी करायची तेच केलं, म्हणून मनाची समजूत घातली. तासाभराने मालकांची गाडी आली. बरोबर त्यांची मुलगी होती, कॉलेजला सुट्टी लागून घरी आलेली. ती सरळ चार नंबरवर बसली, हेल्मेट घातलं, मनगटाला दोरी बांधली. मला म्हणाली, "काका, चावी द्या ना."

मालकांनी सहज विचारलं, "ही गाडी कुणी बघितली?"

"मी," मी म्हणालो. आणि मग, कोण जाणे कुठून धीर आला, पुढचंही सांगून टाकलं. "सकाळी एक नट सैल होता. आवळला."

"सैल का झाला?"

"ते मला नाही कळत, साहेब."

मालक मुलीकडे बघत राहिले. ती गाडीवर बसल्या बसल्या पाय हलवत होती. त्यांनी खिशातला रुमाल काढला, पुन्हा ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या वहिनीला बोलव."

वहिनी ओल्या हातांनी आली. पदराला हात पुसून तिने रेघ बघितली. मुलीला उतरायला सांगितलं, हेल्मेट घातलं, दोरी बांधली आणि आवारातल्या सपाट जागेवर, चालत्या माणसाच्या वेगाने चार नंबर दोनदा फिरवून आणली. उतरून पुन्हा वाकली. मीही वाकलो. माझी तासाभरापूर्वीची रेघ तुटली होती.

तिने चाक उतरवलं. नट बसतो ते भोक झिजून लांबट झालं होतं. आवळून उपयोग नव्हता, पाना कितीही वाजला तरी ते चाक उतारावर सुटलंच असतं.

"ही आज जाणार नाही," ती म्हणाली. "दुसरी देते, पण आधी सगळ्यांची चाकं काढून भोकं बघते. थांबा जरा."

मुलगी हिरमुसली. "बाबा, किती वेळ?"

मालकांनी माझ्या हातातला जुडगा घेतला आणि वहिनीपुढे धरला. घड्याळाकडे बघितलं नाही.

"त्या सांगतील तेवढा," ते म्हणाले.