पिनेपाशी थांबलेली शाल

आमच्या समोरच्या दारात गुंडीमावशी राहतात. त्यांच्या घरात उघडंनागडं असं काही सापडायचं नाही. रेडिओला झगा, पाण्याच्या बाटलीला जाकीट, टेलिफोनला टोपी. टेलिफोन बंद पडून कैक वर्षं झाली, पण टोपी अजून नेमाने धुतली जाते. दाराच्या कडीलासुद्धा लोकरीचा मोजा आहे, कारण थंडीत गार लागतं. कडीला की हाताला, हे मावशींनी कधी स्पष्ट केलं नाही.

मावशींचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. खिडकीपाशी टेबल, एका डोळ्याला काळं भिंग खोचलेलं, आणि पाठीचा कणा वाकवून काका तासन् तास बसलेले. ते इतके स्तब्ध बसतात की आणखी जरा वेळ हलले नाहीत तर मावशी त्यांनाही कव्हर घालतील, असं जिन्यातले लोक म्हणत. काकांच्या कानावर ते गेलं होतं. "रंग तेवढा मला विचारून घे म्हणावं," एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा भिंगात शिरले.

मावशींचं खरं नाव कुणाला आठवत नाही. त्यांची दोऱ्याची गुंडी चहाच्या जुन्या डब्यात राहते, डब्याच्या झाकणाला भोक, भोकातून दोरा बाहेर, दोऱ्याच्या टोकाला क्रोशाची सुई आणि सुईच्या टोकाला मावशी. बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, कुणाच्या घरी समाचाराला गेल्या तरी डबा काखेत. दुपारची वामकुक्षी आटोपली की त्यांच्या बाहेरच्या खोलीत बायका जमतात आणि मावशी त्यांना घरच्या घरी करायच्या सोप्या वस्तू शिकवतात. कपाखालची चकती, मोबाइलची पिशवी, केसांच्या चापावरचं फुलपाखरू, तान्ह्या बाळाचे मोजे. क्रोशासारखं सोपं जगात काही नाही, असं त्यांचं मत. सुई एक, दोरा एक, आणि उघडा फासही एकच. सगळी वीण त्या एका फासावर उभी असते. तो सुटला आणि कुणी दोरा ओढला की ओळीमागून ओळ सरसर उसवत जाते आणि आठवड्याची मेहनत पुन्हा दोरा होऊन मांडीवर येते. म्हणून उठताना फासात सेफ्टी पिन अडकवायची, हा तिथला पहिला धडा.

आणि दुसरा धडा, "हात सैल सोड गं." हे वाक्य आम्हाला समोरच्या दारातून इतक्यांदा ऐकू येई की आमच्या घरातही कुणी भाजी चिरताना दात-ओठ खाऊ लागलं की आम्ही तेच म्हणायचो. अक्षरासारखाच विणीतही प्रत्येकीचा हात निराळा. दोरा तोच, सुई तीच, पण एकीचा रुमाल वाऱ्यावर उडेल असा मऊ होतो आणि दुसरीच्या रुमालाने भांडी घासावीत.

सगळ्यांत घट्ट हात मावशींच्या स्वतःच्या लेकीचा. ही मुलगी एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची आणि घरी आली की आईशेजारी सुई घेऊन बसायची. "त्या दोऱ्याने तुझं काय घोडं मारलंय? किती गळा आवळशील त्याचा?" मावशी विचारायच्या. "आणि तुझ्या विणीतून मांजर आरपार जाईल," लेक म्हणायची. ती कामावर गेली की मावशी तिच्या दोनचार ओळी गुपचूप उसवायच्या आणि आपल्या सैल हाताने परत घालून ठेवायच्या. संध्याकाळी लेकीच्या बोटांना ते पहिल्याच टाक्यात कळायचं. मग जे भांडण व्हायचं ते ऐकायला काकासुद्धा डोळ्याचं भिंग काढून ठेवायचे.

एकदा लेकीने साईच्या रंगाची लोकर आणली. "तू सगळ्या जगाला कपडे चढवलेस," ती आईला म्हणाली, "तुला मी घालते." शाल विणायला घेतली. निम्म्याहून थोडी जास्त झाली आणि मुलीला ताप आला. साधा ताप म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. पिशवीत शाल होतीच. हाताला नळी लावलेली असताना तिने उशीला टेकून आणखी काही ओळी घातल्या, थकली तेव्हा फासात पिन अडकवली आणि आईच्या हातात दिली. म्हणाली, "घरी आले की पुढचं घालीन. तोवर उसवू नकोस हं माझं."

"नाही गं उसवत," मावशी म्हणाल्या.

लेक घरी आली नाही.

बरेच महिने समोरचं दार बंद असायचं. मग एके दुपारी उघडलं, बायका पुन्हा जमू लागल्या, बाळांचे मोजे पुन्हा सुरू झाले. फक्त समोरून "हात सैल सोड" ऐकू येईना. कुणी कितीही आवळून विणो, मावशी गप्प. शिवाय नवीच पद्धत निघाली. येईल तिने आधी साईच्या रंगाच्या लोकरीचा तळहाताएवढा चौकोन विणून दाखवायचा. मावशी तो घेऊन आतल्या खोलीत जात आणि थोड्या वेळाने "छान आहे" म्हणत परत देत. बायकांना वाटलं, आत बसून मार्क देतात.

आमच्या सौभाग्यवती एकदा पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा खरा प्रकार कळला. पलंगावर ती अर्धी शाल पसरलेली, शेजारी कुणाचा तरी चौकोन, आणि मावशी डोळे मिटून एक बोट चौकोनावरून शालीवर, शालीवरून चौकोनावर फिरवत होत्या.

मग त्यांनीच सांगितलं. त्यांनी स्वतः दोन ओळी घालून पाहिल्या होत्या. शालीचा तेवढाच भाग झालर लावल्यासारखा लोंबू लागला. त्यांनी तो पिनेच्या जागेपर्यंत उसवला, म्हणजे फक्त स्वतःचाच, लेकीचा नव्हे. घट्ट घालायला गेल्या तर हात ऐकेना. जन्मभर सैल सोड, सैल सोड म्हणत राहिल्यावर हाताने तरी काय करावं?

"कुणाचा तरी हात तिच्यासारखा असेलच ना गं?" त्या म्हणाल्या. "तिने माझ्या अंगावर घालायला केली. अर्धी शाल कशी पांघरू? पुरी झाली तर घेईन."

सौभाग्यवतींनी ताबडतोब आपला चौकोन पुढे केला. मावशींनी तो चाचपला आणि मायेने म्हणाल्या, "तू आपली विकतचं घालत जा."

बातमी जिनाभर झाली आणि मग सगळ्याच जणी घट्ट विणायच्या मागे लागल्या. शाळेतल्या एका बाईंचा हात जवळजवळ जुळला, पण तो फक्त त्या चिडलेल्या असतील त्या दिवशी. म्हणून त्या घरून भांडून यायला लागल्या. त्यांच्या यजमानांनी येऊन मावशींना हात जोडले, की ही शाल लवकर काय ते होऊ द्या. मावशी हसल्या, पण चौकोन जुळला नाही.

त्याच सुमारास आमची भाची नोकरीसाठी आमच्याकडे राहायला आली. पार्सलं बांधायचं काम. दिवसभर सुतळी आवळून हातांना अशी सवय की घरी तिने पिशवीला मारलेली गाठ सोडवायला आम्हाला कात्री लागायची. मोबाइलची पिशवी शिकायला म्हणून ती समोर गेली. नेहमीप्रमाणे चौकोन विणला, मावशी तो घेऊन आत गेल्या आणि बाहेर येईनात. शेवटी काका खुर्चीवरून उठून आत पाहायला गेले, यावरून काय ते समजा. मावशी बाहेर आल्या तेव्हा चौकोन त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "उद्या येशील ना?" त्यांनी विचारलं. "नक्की येशील?"

दुसऱ्या दिवशी भाचीला लेकीच्या खुर्चीवर बसवलं. मावशींनी स्वतः फासातली पिन काढली आणि आपल्या खांद्यावरच्या पदराला टोचून ठेवली. पोरगी घाबरलेली. हात बिचकू नये म्हणून मावशींनी तिला बोलतं केलं, चहा दिला, पार्सलांच्या गमती विचारल्या. एका गिऱ्हाइकाने पत्त्याच्या जागी रागाने नुसतंच 'त्याला माहीत आहे' असं लिहिलं होतं, ते ऐकून मावशी कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. मध्येच भाचीला आईचा फोन आला. एका हातात फोन, एका हातात कप, आणि चहाचा एक थेंब शालीवर, तिने नुकत्याच घातलेल्या टाक्यांवर पडला. तिने तो शरमेने अंगठ्याखाली दडवला आणि फोन ठेवून पुढे विणू लागली.

बऱ्याच वेळाने मावशी म्हणाल्या, "दे बघू." मांडीवर पसरून त्यांनी डोळे मिटले आणि बोट फिरवलं.

"कळतच नाही गं," त्या म्हणाल्या. चेहरा उजळला होता.

मग पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा उलटं फिरवलं. "कळतच नाही," त्या परत म्हणाल्या, आणि या वेळी आवाज निराळा होता.

भाचीला त्यांनी विचारलं, तू कुठून सुरुवात केलीस. तिने एक जागा दाखवली, मग दुसरी दाखवली, मग रडकुंडीला आली. बोलण्याच्या नादात तिने ओळी मोजल्या नव्हत्या. आणि नव्या मुलींना खुणेचा रंगीत दोरा बांधायला शिकवणाऱ्या मावशींनी पिन काढताना तिथे खूणच ठेवली नव्हती. हात जुळावा यासाठी त्यांनी इतकी वाट पाहिली होती, की जुळल्यावर काय होईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"माझ्या मुलीचा शेवटचा टाका कुठला गं यातला?" त्या म्हणाल्या. शाल उजेडाकडे धरली, उलटी केली, नाकाशी नेली. उसवणं सोपं होतं, पण थांबायचं कुठे? एक टाका जास्त उसवला तरी लेकीला दिलेला शब्द मोडला. तसाच ठेवला तर ती कुठवर आली होती, हे कायमचं हरवलं.

"आण इकडे," खिडकीजवळून काका म्हणाले.

त्यांनी घड्याळं बाजूला सारली, दिवा खाली ओढला, भिंग लावलं आणि चिमट्याने एकेक टाका पाहत गेले. मावशी उभ्या होत्या. मग काका म्हणाले, "हा." मावशींच्या खांद्यावरची पिन घेऊन त्यांनी तिथे अडकवली.

"नक्की ना हो?"

"चाकाचा तुटलेला दात दिसतो मला. हे दिसणार नाही होय?"

मावशींनी पिनेपर्यंतचा भाग स्वतः उसवला. चार बोटंही नव्हता. भाची तोंड उघडणार होती, कारण चहाचा तो थेंब पिनेच्या अलीकडेच राहिला होता. म्हणजे तिने स्वतः घातलेले काही टाके शालीत तसेच राहिले होते. पण काकांनी भिंग काढून तिच्याकडे पाहिलं आणि ती गप्प बसली. ती निघाली तेव्हा काका जिन्यापर्यंत आले. एरवी ते जिन्यात येत नाहीत.

"डाग मीही पाहिला, बाळ," ते म्हणाले. "तुझे थोडे राहिले तर राहू देत. तिचा एक जायला नको."

हे भाचीने आम्हाला घरी येऊन सांगितलं आणि त्या रात्री ती जेवली नाही.

शाल पुरी करायचा विषय मावशींनी पुन्हा काढला नाही. अर्धी शाल खांद्यांना पुरत नाही, गुडघ्यांना पुरते. थंडीत त्या ती मांडीवर घेऊन बसतात आणि बोलता बोलता हात पिनेकडे जातो. भाचीने जाणं सोडलेलं नाही. सोडलं तर मावशींना काहीतरी कळेल, अशी तिला धास्ती. परवा ती समोर बसून बाळाचा मोजा विणत होती तेव्हा मावशींना पिनेजवळचा तो तपकिरी ठिपका दिसला. त्यांनी तो बोटाने हळूच चोळला, आणि निघेना म्हणून हात आवरला.

"बघ," त्या भाचीला म्हणाल्या, "इस्पितळात चहा पीत पीत विणत होती माझी बाई. धुणार नाही मी आता ही."

भाचीने मान वर केली नाही. हातातला दोरा ती ओढत राहिली.

"हात सैल सोड गं," मावशी म्हणाल्या. पण तिला काही तो सोडता येईना.