सहादेवनानांची उजवी नाडी

आमच्या खर्डा गावात कुणाचं डोकं दुखलं तरी आधी सहादेवनानांच्या हाती मनगट द्यायचं आणि मगच जामखेडच्या डॉक्टरकडे जायचं, असा रिवाज होता. पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा, हा नानांचा नियम. डोळे मिटून तीन बोटं टेकवली की नाना वात, पित्त, कफ तर सांगतच, वर घरातल्या सुनेचा स्वभावही सांगत.

अठ्ठ्याण्णव साली त्यांच्याच छातीत कळ आली. मी पुतण्या, म्हणून पुण्याला घेऊन गेलो. अँजिओग्राफीची नळी तेव्हा जांघेतून घालत. पण नर्ससमोर धोतर सोडायला नाना राजी होईनात. एक तरुण डॉक्टर नुकताच मनगटातून करायला शिकला होता. नानांनी उजवा हात पुढे केला. काळीज धड निघालं, गोळ्यांवर भागलं. मनगट मात्र सुजून जांभळं झालं, आणि सूज उतरल्यावर बघतो तर तिथली नाडीच गायब.

"रक्तवाहिनी बुजली," डॉक्टर म्हणाला. "एखाद्याला होतं असं. हाताला दुसऱ्या वाहिनीतून रक्त मिळतंय, काळजी नको."

हाताची काळजी होती कुणाला? नानांना नावाची होती. "गावात बोल्लास तर बग," त्यांनी एसटीतच मला दम भरला.

पुढं शाळेत आरोग्य शिबिर भरलं. नाना घरी बसते तर निभलं असतं. पण पहिली तपासणी आपली, हा मान कसा सोडायचा? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नर्सनं उजवं मनगट चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"बाबा, नाडी लागत नाही हो!"

नानांनी घाईघाईनं डावा हात पुढे केला. "हितं हाय, हितं बगा."

"नाना, त्यो तर बायांचा हात!" मागून छगन टेलर ओरडला. सगळी शाळा हसली. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते.

रांगेतली कडूबाई हसली नाही. आठ वर्षांपूर्वी तिचा नवरा रानात कोसळला होता. नानांनी त्याचं उजवं मनगट धरून "गेला" म्हणून सांगितलं आणि दवाखान्याकडे निघालेली जीप परत फिरली.

"नाना," ती म्हणाली, "आमच्या मालकांचा डावा हात बगितला हुता का तुमी?"

नानांनी पुढे केलेला डावा हात मागं घेतला. "न्हाई," ते म्हणाले.

कडूबाई पुढं झाली आणि तिनं नर्ससमोर आपले दोन्ही हात ठेवले.