टक्कल माझं, दुखवटा अण्णांचा

समीहन नावाच्या दिग्दर्शकाने मला एका डोक्याभर केसांना आणि एका मिशीला फसवलं.

अमरावतीत जुन्या मोटारसायकली घेऊन विकण्यात माझी चोवीस वर्षं गेली. सुरुवात केली ती एका भंगार मोपेडपासून, आणि तीही मी विकली. सायलेन्सरचा आवाज ऐकून गाडी कितव्या मालकाने पिळली आहे ते मी सांगतो. घासाघिशीत मला हरवणारा माणूस माझ्या दुकानात आजवर आला नाही. तो घरी आला. तिशीतला, कानात बाळी, आणि चहात साखर नको म्हणणारा. साखर नको म्हणणाऱ्या माणसाशी व्यवहार करू नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझी मुलगी ईश्वरी नववीत आहे. तिचं शाळेतलं नाटक त्याने कुठेतरी पाहिलं होतं. त्याच्या सिनेमात पंधरा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर होतो आणि ती त्याला कशी तोंड देते, अशी गोष्ट होती. सिनेमा ‘स्वतंत्र’ होता. स्वतंत्र म्हणजे काय, तर त्यात कुठल्याही कंपनीचा पैसा नाही. (कोणाचाच पैसा नाही, हे युनिटचं जेवण आमच्या स्वयंपाकघरात शिजायला लागलं तेव्हा कळलं.)

मी लगेच मुद्द्याला हात घातला.

“शेवटी पोरगी मरते का?”

“शेवट आम्ही मोकळा ठेवलाय, काका. प्रेक्षकांनी ठरवायचं.”

“प्रेक्षक कायले ठरवतीन? पोरगी माही हाय.”

त्याने वहीत बघितलं, पेन्सिल चावली आणि शेवटच्या दृश्यात ईश्वरी खिडकीतून बाहेर बघत बसेल एवढं कबूल केलं. जिवंत. डोळे उघडे. पहिला डाव माझा. मग तो हळूच म्हणाला, “उपचारात केस जातात ना, त्यामुळे ईश्वरीला…”

आमच्या ईश्वरीची वेणी कमरेच्या खाली जाते. तिच्या आईने, म्हणजे शोभाने, ती वेणी कोरफड लावून वाढवली आहे. माझ्याकडे तिने आयुष्यात एवढं लक्ष दिलं नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला, “केसाले हात लावून तं पाहा.”

“वाढतीन ना परत, आई,” ईश्वरी म्हणाली. तिला ते काम हवंच होतं. आठ दिवस ती आरशासमोर आजारी पडायचा सराव करत होती आणि खरं सांगायचं तर मी दरवेळी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघत होतो.

आणि इथे मी धंद्यातली सगळ्यात मोठी चूक केली. समोरच्याला भाव सांगू दिला. म्हणालो, “पोरीच्या केसाले हात लावाचा नाई. बदल्यात काय पायजे ते मांगा.”

समीहनने बिनसाखरेच्या चहाचा घोट घेतला आणि माझ्या डोक्याकडे पाहिलं.

“मग तुमचे द्या.”

गोष्टीत म्हणे त्या मुलीचा एक काका असतो. तिला एकटं वाटू नये म्हणून तो एक दिवस टक्कल करून घरी येतो. एकच दृश्य, पण सिनेमाचा प्राण. ईश्वरी टकलाचा रबरी टोप घालेल, पण काकाचे केस कॅमेऱ्यासमोर खरेखुरे उतरायला हवेत. मिशीसुद्धा, कारण टक्कल आणि मिशी एकत्र फार विनोदी दिसतं. (माझे तीन सख्खे मामा वर्षानुवर्षं असेच दिसतात. त्यांना कोणी सांगितलेलं नाही.)

शूटिंग आमच्याच गच्चीवर झालं. वस्तरा होता आमच्या नेहमीच्या सुधाकरच्या हातात. डोकं झालं, मिशीपाशी येऊन तो थांबला.

“भाऊ, बाप जित्ता असतानी मी डोकं न् मिशी संग काढत नाई.”

“सिनेमासाठी हाय गा.”

“लोकायले काय मालूम? अकोल्यात अण्णा हायेत तुमचे.”

“काढ.”

“तुमची जिम्मेदारी,” म्हणून त्याने मिशी उतरवली. ईश्वरीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. समीहनने कट म्हणायलाही वेळ लावला. नंतर त्याने आम्हा सगळ्यांकडून शपथ घेतली की सिनेमा दाखवेपर्यंत त्याची गोष्ट बाहेर बोलायची नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक मूर्तिजापूरचं, नेहमीचा चिकट माणूस. एका गाडीसाठी दोन तास माझं डोकं खातो. त्याने माझ्याकडे पाहिलं, हात जोडले, खुर्चीवर पाच मिनिटं बसला आणि मी सांगितलेल्या भावात गाडी घेऊन गेला. दुसराही तसाच. तिसऱ्याने तर टायर लाथेने दाबूनही पाहिले नाहीत.

काय चाललंय ते दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळीच माझ्या लक्षात आलं होतं. खोटं कशाला बोलू? सुतकातल्या माणसाशी कोणी घासाघीस करत नाही, हा शोध मला चोवीस वर्षांत पहिल्यांदा लागत होता. मी खोटं काहीच बोललो नाही. मी फक्त खाली मान घालून बसलो. (शपथ घेतली होती ना!) तिरुपतीला जाऊन आलो असं सांगता आलं असतं, पण मग प्रत्येकाने लाडू मागितला असता.

दुपारी आमच्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अण्णांचा फोटो आला. भोवती फुलं, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो माझ्या दुकानाच्या उद्घाटनाचा होता, त्यामुळे स्वर्गवासी अण्णांच्या हातात कात्री होती. मी खुलासा लिहायला घेतला तेवढ्यात चौथं गिऱ्हाईक आलं. म्हटलं, हे जाऊ दे, मग लिहितो.

तोवर फोटो अकोल्यात पोहोचला होता.

अण्णा अकोल्यात एकटे राहतात. त्या दिवशी ते वांगी आणायला बाजारात गेले होते, फोन घरी चार्जिंगला. परत आले तर दारात चपलांचा ढीग. ओट्यावर पंधरा-वीस माणसं पांढऱ्या टोप्या घालून बसलेली. मधोमध मूर्तिजापूरची आमची आत्या, अण्णांची धाकटी बहीण, मोठ्याने रडत होती.

“कोन गेलं, बाई?” अण्णांनी विचारलं.

“दादा गेला माहा,” ती मान वर न करता म्हणाली. मग तिने मान वर केली.

ती बेशुद्ध पडली नाही, आमच्यात कोणी तसं करत नाही. ती चिडली. “मूर्तिजापूरवरून ऑटो करून आली मी,” ती अण्णांना म्हणाली, “न् तू वांगे आनून राहिला?”

संध्याकाळी फोन आला.

“मी बोलून राहिलो,” अण्णा म्हणाले. “वरून नाई. अकोल्यावरून.”

“अण्णा, ते असं झालं का…”

“तू टक्कल केलं म्हन्ते.”

“सिनेमासाठी, अण्णा.”

“न् दुकान उघडं ठेवलं. बाप मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

अण्णांनी फोन ठेवला आणि पुढचे सात महिने माझ्याशी बोलले नाहीत. शोभाशी बोलत, ईश्वरीशी तासभर बोलत, आणि मी फोन घेतला की तिकडून नुसता पंख्याचा आवाज. दोनदा मी अकोल्याला गेलो. त्यांनी मला चहा दिला, साखर घातली नाही.

शेवटी ईश्वरीने तोड काढली. सिनेमा अमरावतीत दाखवणार होते; आबांनी (ती अण्णांना आबा म्हणते) यावं, पप्पांचं दृश्य डोळ्यांनी बघावं आणि मग ठरवावं. अण्णा तिला म्हणाले, “येतो. मी कायसाठी मेलो ते पाहू तं दे.”

ते पहिल्या रांगेत बसले. मी शेजारी. केस एव्हाना आले होते, मिशी मात्र डावीकडून आधी आली आणि उजवीकडची अजून विचार करत होती. सिनेमा सुरू झाला. ईश्वरी पडद्यावर आली आणि मी विसरलो की ती माझ्या मागच्या खुर्चीवर लाह्या खात बसली आहे. दवाखान्यातल्या दृश्यात अण्णांनी माझं मनगट धरलं. सात महिन्यांत पहिल्यांदा. मी हललो नाही. म्हटलं, आता फक्त गच्चीचं दृश्य येऊ दे.

गच्ची आली. ईश्वरी गच्चीवर एकटीच उभी होती. वारा होता, दोरीवर एक चादर होती. काका नव्हता. मग ती खिडकीत बसली, बाहेर बघायला लागली आणि दिवे लागले.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अण्णांनी डोळे पुसले, ईश्वरीला जवळ घेतलं, तिच्या वेणीवरून हात फिरवला. मग माझं मनगट सोडून विचारलं, “तू कुठं होता?”

मी समीहनला दारातच गाठलं. तो म्हणाला, “काका, तुमचा सीन फार सुंदर होता. म्हणूनच काढला. तो इतका भारी झाला की सिनेमा तुमचाच वाटायला लागला.” आणि फुकटचा चहा पिऊन (आता साखर घालून) तो पुण्याला निघून गेला.

अण्णा आता बोलतात माझ्याशी, पण एवढंच. “ते पंधरा-वीस जन एकदा येऊन गेले. मी खरोखर गेलो तं आता कोन येते?” आत्याने तर ठणकावून सांगितलंय की तिचं जे होतं ते रडून झालं, पुन्हा ऑटोला पैसे घालणार नाही.

तर समीहनने अकोल्याला यावं, अण्णांच्या ओट्यावर बसावं आणि याचं उत्तर त्यांच्या तोंडावर द्यावं. मी देऊ शकत नाही. ज्या माणसाने बाप जिवंत असताना टक्कल करून चार गाड्या विकल्या, तो उद्या खरंच डोकं भादरून आला तरी लोक एवढंच विचारतील की भाऊ, सिनेमा कोणता?